सात किलोच्या आत

५ नोव्हेंबर, रविवार. बाभुळगाव

दिवसभरात पंपाची एकही मोटर दुरुस्तीला दुकानात आली नाही. मागच्या हंगामात या दिवसांत जळलेल्या मोटरी दाराबाहेरपर्यंत पडलेल्या असत आणि मी तारेचं वायंडिंग करता करताच जेवत असे. या वर्षी कपाशीच्या बोंडाबोंडात अळी आहे. पिकाला पाणी देऊन ओलीत कोण करणार आणि मोटर कोणाची जळणार? तांब्याच्या तारेची रिळं जाडीप्रमाणे परत लावली. ती आधीच लावलेली होती.

दुपारी चेन्नईहून मैत्रेयीचा फोन. पोरीला तिथल्या दवाखान्यात नर्स होऊन आता दोन वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी ती समुद्रावर जाते आणि लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायला शिकते, हे तिनं मागेच सांगितलं होतं. त्याला सर्फिंग म्हणतात. आता जानेवारीत तिला आठवड्याची रजा मिळते आहे. म्हणाली, "बाबा, श्रीलंकेत वेलिगामा म्हणून गाव आहे. नवशिक्यांसाठी तिथल्या लाटा फार चांगल्या. विमान आता स्वस्त झालंय. तुम्ही या. पोहायला तुम्हीच शिकवलं ना मला? आता मी तुम्हाला शिकवते."

विचार करून सांगतो, म्हणालो. फोन ठेवला तेव्हा विचार झालेला होता.

या गावात जेवढी पोरं पोहायला शिकली त्यातली निम्मी किसनरावच्या विहिरीत माझ्या हाताखाली शिकली. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि वरून ढकलायचं. मला मात्र कोणी शिकवलं नाही. वायंडिंगही कोणी शिकवलं नाही, एक जळकी मोटर उलगडून पाहिली आणि तशीच परत भरली. तेव्हा लाटेचं जे काय असेल ते एकदा नीट पाहिलं की कळेल.

शेवटी मैत्रेयी म्हणाली, "आईलाही विचारा ना." शीलाला पाण्याचं काय! तरी विचारलं. ती चुलीपुढून एवढंच म्हणाली, "समुद्राचं पाणी खारट रायते. डोळे झोंबत असतीन नाही का?" त्यावरून इच्छा नाही हे कळलंच.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मोबाइलवर पाहण्यासारखं सगळं पाहून झालं. लंकेच्या दोन बाजूंना लाटांचे दोन हंगाम असतात. जानेवारीत दक्षिणेची बाजू बरोबर. म्हणजे मैत्रेयीनं गाव बरोबर निवडलं, पण का बरोबर ते तिला माहीत नव्हतं. मी फोनवर वाऱ्यांच्या दिशेपासून समजावलं. "हो बाबा, हो बाबा" म्हणाली. मग तिची ड्यूटी लागली.

फळी इकडून न्यायची नाही, तिथं भाड्यानं मिळते. हॉटेलात राहायचं नाही, मच्छीमारांच्या घरात खोली घ्यायची. आणि विमानात सामान टाकायचं नाही, कारण स्वस्त तिकिटात फक्त हातातली पिशवी नेता येते, सात किलोच्या आत. ही अट मला आवडली. पासपोर्टाची अडचण नाही. मागे विहारातर्फे थायलंडची सहल निघणार होती तेव्हा मी आणि शीलानं काढले. सहल रद्द झाली, पासपोर्ट राहिले.

दुकानातल्या तराजूवर, ज्यावर मी तांबं तोलतो, त्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. सुटकेस रिकामीच फार भरते. मैत्रेयीची कॉलेजातली सॅक बरी. टॉवेलऐवजी पंचा. बूट नाहीत. दाढीच्या ब्रशची मूठ करवतीनं कापून टाकली.

शीला म्हणाली, "आठ दिवस दाढीच नका करू."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण मूठ तोवर कापून झाली होती.

१३ नोव्हेंबर, सोमवार

तार आणायला यवतमाळला गेलो होतो. जुन्या बाजारात हाफपँट घेतली. लवकर वाळेल असं कापड, खिशाला चेन. दुकानदार माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाला, "काका, कोणासाठी पायजे?"

"पोरासाठी."

"मंग साइज?"

"माझ्याएवढाच आहे."

मला मुलगा नाही. एवढ्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती, हे एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सरावाला सुरुवात. दुकानाच्या फरशीवर खडूनं फळीचा आकार काढला. पालथं पडायचं, हातानं पाणी मारायचं, लाट लागली की तळहात छातीजवळ दाबून एका झटक्यात दोन्ही पाय खाली घ्यायचे. एका झटक्यात, हे महत्त्वाचं. गुडघा टेकला की संपलं.

गुडघा टेकतो. फरशीवर वार्निशचा थर आहे, त्यानं पाय सरकतो. फरशी खरवडून काढली. तरी टेकतो. मग लक्षात आलं, पँट आड येते. शटर अर्धं ओढून हाफपँट घातली. उजवा खांदा थोडा कुरकुरतो, पण तो विहिरीतून मोटरी ओढून ओढून गेलेला आहे. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

तेवढ्यात शीला डबा घेऊन शटरखालून वाकून आत आली. "अवो, पडले का काय तुमी? हे काय करून राह्यले?"

समजावून सांगितलं. तिनं डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला, खडूच्या आकारात पालथी पडली आणि उठली. "असं?"

पायांचा कोन चुकला, मी म्हणालो.

ती परत पडली, परत उठली. "आता?"

कोन अजून चुकतच होता. तसं सांगितलं तर हसायला लागली. "बाप्पा! सारवतानी उठाच लागते मानसाले. कोन पाहून कोन उठते?" मग म्हणाली, "जेवून घ्या, वांगं गार होऊन राह्यलं."

१९ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी विहारात वंदना झाली. मी मागच्या ओळीत होतो. वंदनेनंतर रामराव गुरुजी उभे राहिले. ते विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "आपल्या वस्तीसाठी आनंदाची गोष्ट आहे. आपले बळीरामभाऊ नगराळे श्रीलंकेला चालले. अनुराधापूरला, बोधिवृक्षाच्या दर्शनाला." टाळ्या. शाल आली. माझी माय, कांताबाई, पहिल्या ओळीत बसून डोळे पुसत होती. तिनं बायांमध्ये "बळीराम लंकेले जाते" एवढं सांगितलं होतं, आणि आपल्यातला माणूस लंकेला दुसऱ्या कशासाठी जाईल?

गुरुजी म्हणाले, दोन शब्द बोला.

तेव्हाच सांगायचं होतं. पण पहिल्या ओळीत मायच्या बाजूला मोतीबाई बसली होती. सप्टेंबरात तिचा रोशन मजुरीनं कपाशीवर अळीचं विषारी औषध फवारत होता. संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून घरी आला, आणि चौथ्या दिवशी गेला. चोविशीचं पोरगं. माझ्यासोबत विहिरीतून मोटरी ओढायला यायचा. त्या बाईच्या तोंडावर म्हणायचं, की मी पाण्यात खेळायला चाललो?

मी संघमित्रेवर बोललो. ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला कशी गेली, नौका कशी होती. बराच वेळ बोललो. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या.

आता मांडून पाहतो. मी लंकेला चाललो, हे खरं. अनुराधापूरला ते झाड आहे, हे खरं. मी तिथं चाललो असं मी म्हटलेलं नाही. एकही वाक्य खोटं नाही.

शाल लोखंडी कपाटावर ठेवली आहे. तिकडं पाहवत नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सामान यायला लागलं. विमलताईंनी भिक्खूंना द्यायला चीवराचं कापड आणलं. चांगलं, जाड. पलीकडच्या गल्लीतून मेणबत्त्या आणि अगरबत्त्या. रामराव गुरुजींनी आपल्या विहाराचा मोठा फोटो आणला, फ्रेम केलेला, काचेसकट. म्हटलं, गुरुजी, काच काढली तर चालेल का? ते म्हणाले, "बळीरामभाऊ, इतक्या दूर फोटो जाणार, अन् काच नाही?"

तराजूचं पारडं खाली बसलं ते वर येत नाही. मूठ कापलेला ब्रश बाजूलाच पडलेला आहे.

संध्याकाळी शटर ओढता ओढता मोतीबाई आली. आत या म्हटलं तर आली नाही.

"भाऊ, मी काही आणलं नाही. तुमाले वजनाचं आहे म्हणे. झाडाखाली फक्त रोशनचं नाव घेजा."

"घेईन."

"पूर्ण घेजा. रोशन हिरामण खडसे. निसतं रोशन म्हनान तं कित्येक असतीन."

"पूर्ण घेईन मोतीबाई."

ती गेली तरी मी शटर धरून उभा होतो. वर की खाली, तेच कळेना.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस बसून नवीन वेळापत्रक केलं. कोलंबोत उतरायचं, उत्तरेला अनुराधापूर, तिथून परत कोलंबो, मग दक्षिणेला वेलिगामा. गाड्यांच्या वेळा जुळतात. मैत्रेयीला पाठवलं. तिचा लगेच फोन.

"बाबा, हे काय आहे? यात समुद्र फक्त दीड दिवस आहे."

"दीड दिवसात मुख्य गोष्टी होतात."

"अनुराधापूर कुठून आलं?"

सांगितलं.

"म्हणजे तुम्ही विहारात सांगितलंच नाही? तुम्हाला लाज वाटते का?"

"इथं या वर्षी काय चाललंय तुला माहीत नाही."

"मला माहीत नाही? बाबा, रोशन माझ्या वर्गात होता." मग म्हणाली, "वर्षभर मी पेशंट पाहते. रजा मिळाली तर पाण्यात जाते. लाट अंगावरून गेली की थोडा वेळ डोक्यात कोणी नसतं. मला वाटलं, तुम्हालाही तसं लागत असेल. म्हणून बोलावलं."

मी म्हणालो, आठ वाजताची गाडी चुकली तरी साडेनऊची आहे. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा," आणि फोन ठेवला. गाडीचं मी का बोललो, कोण जाणे.

३ डिसेंबर, रविवार

विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं 'मुसावादा' आलं आणि माझा आवाज गेला. बाजूच्यांना खोकला वाटला असावा. आजही बोललो नाही.

दुपारी बेंबळा धरणाच्या पाण्यावर प्रत्यक्ष सराव ठेवला. किसनराव त्याच्या गाडीवर प्लायची फळी घेऊन आला. लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याच विहिरीत आम्ही दोघं बुडता बुडता पोहायला शिकलो. त्यानं परवा उभ्या कपाशीत मेंढ्या सोडल्या. वेचायची मजुरीही निघत नाही म्हणाला. मी विचारलं, सगळ्या वावरात सोडल्या? "सगळ्या. मेंढ्यायनंही बोंडं खाल्ले नाहीत, पाला खाल्ला," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही.

शीला डबा घेऊन मागे बसली होती.

फळीवर पोटावर पडलो तोवर ठीक. उठायला गेलो तर खांद्यात कट्‌ झालं आणि मी एकीकडे, फळी दुसरीकडे. किसनराव काठावरून ओरडला, "अबे बळ्या, लंकेची गोष्ट सोड, तू बेंबळ्यातच बुडून राह्यला!"

खांद्यामुळे हात मारता येईना. कसाबसा काठाला लागलो. फळी वाऱ्यानं आत चालली होती. किसनराव पँट दुमडत होता, तोवर शीला पाण्यात उतरली. नेसत्या लुगड्यानिशी. कमरेएवढं पाणी झालं, छातीएवढं झालं, आणि मी ओरडणार तेवढ्यात ती पोहायला लागली. सरळ, धाप न लागता, डोकं वर धरून. फळीला पकडलं, तिच्यावर पोट टाकलं आणि दोन्ही हातांनी पाणी मारत परत आली.

"तू कुठं शिकली?"

"माह्या माहेरी नदी नाही का? म्हशीचं शेपूट धरून पलीकडं जात होतो आमी पोट्ट्या."

"कधी बोलली नाही."

"तुमी कधी इचारलं?" ती पदर पिळत होती. मग म्हणाली, "खारं पाणी याच्याहून जड रायते का हलकं?"

जड असतं, त्यामुळे माणूस जास्त तरंगतो, असं मी सविस्तर सांगितलं. ती नीट ऐकत होती. किसनराव माझ्याकडे पाहत होता, का ते कळलं नाही. गाडीवर बसताना तो हळूच म्हणाला, "सांगून टाक ना बे लोकायले. मारतीन थोडीच." खांदा सुजला आहे. पाणी थंड होतं त्यामुळे.

१० डिसेंबर, रविवार

सांगितलं.

वंदना झाल्यावर उभा राहिलो. पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "मी झाडाच्या दर्शनाले चाललो नव्हतो. पोरीसंग समुद्रावर चाललो होतो. लाटायवर खेळाले."

विहारातल्या पंख्याचं बेअरिंग गेलेलं आहे, हे तेव्हा ऐकू आलं.

रामराव गुरुजी म्हणाले, "मंग त्या दिवशी भाषण कायचं देलं?"

"संघमित्रेचं."

मागे कोणी तरी हसलं आणि गप्प झालं. विमलताई म्हणाल्या, "माहं चीवर वापस करजा, भाऊ." माय तिथंच उठून उभी राहिली. "लोकायचे पोट्टे मरून राह्यले न तू पाण्यात खेळाले जातं? या वयात? अन् मले बायायमंदी तोंडघशी पाडतं?" दोघींनी तिला धरून बसवलं. गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "खेळू नये असं काही पंचशीलात नाही. पण सांगाचं असतं, बळीराम." भाऊ नाही म्हणाले.

लोक पांगले. मोतीबाई सतरंज्या गोळा करत होती, ते काम तीच करते. जवळ गेलो.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "नाव घेतलं असतं तं बरं वाटलं असतं. आता काय."

आणि सतरंजी गुंडाळत राहिली. माय ओरडली ते परवडलं.

शाल, फोटो, मेणबत्त्या ज्याच्या त्याला दुपारी नेऊन दिल्या. घरी आलो तर शीला म्हणाली, "मी काय म्हनतो, तुमी झाडापाशी जा. मी पोरीसंग पाण्यात जातो. मंग तुमी तिकून तिथं या."

खर्चाचं म्हणालो, तर तिनं बचत गटातले स्वतःचे पैसे काढून आणलेले होते. कधी काढले? तर गुरुवारी. म्हणजे मी विहारात बोलायच्या आधीच. हे काही जुळत नाही. नीट विचारलं पाहिजे.

मैत्रेयीला फोन केला. तिला आश्चर्य वाटलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी मोतीबाईच्या दारात गेलो. म्हटलं, मी जातो झाडापाशी. नक्की जातो.

"न खेळाचं?"

"नंतर. शेवटी."

"तुमचा खांदा दुखते म्हणे," म्हणाली. मग आत जाऊन चहा ठेवला.

१६ जानेवारी, मंगळवार

महिनाभर लिहिण्यासारखं काही झालं नाही. तीन तिकिटं काढली. मोटरी आल्या नाहीत. खांद्याला एका डॉक्टरनं सहा आठवडे विश्रांती सांगितली होती, त्यातले पाच झाले.

उद्या निघायचं. सेवाग्रामहून रेल्वे, मग चेन्नई. माझी सॅक तिसऱ्यांदा उतरवून भरली. शीलानं तिचं सामान जेवणं झाल्यावर भरलं आणि भांडी घासायला गेली. पिशवी तराजूवर ठेवली, माझ्याहून हलकी निघाली. काही तरी विसरली असणार म्हणून तपासलं. दोन साड्या, मैत्रेयीनं पाठवलेला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सलवार, शेंगदाण्याची चटणी. विसरलेलं काही नव्हतं.

मायनं अजून धड बोलणं धरलेलं नाही. पण सकाळी माझ्या सॅकमध्ये पांढरा सदरा घडी करून ठेवलेला दिसला. शीला म्हणते, मी नाही ठेवला.

१९ जानेवारी, शुक्रवार. चेन्नई विमानतळ

पिशव्या कोणी तोलल्याच नाहीत. खिडकीतल्या पोरीनं नुसतं पाहिलं आणि पट्टी बांधून दिली. मी तिला म्हणालो, वजन करून घ्या, सात किलोच्या आत आहे. ती म्हणाली, "इट्स ओके, सर." मैत्रेयीनं मला कोपराला धरून पुढे नेलं.

आता विमानात शीला खिडकीशी बसली आहे. सगळ्या सूचना वाचून झाल्या का विचारलं, तर म्हणते, "ढग पाहू द्या जरा."

२१ जानेवारी, रविवार. अनुराधापूर

कोलंबोत त्या दोघी दक्षिणेच्या गाडीत बसल्या, मी उत्तरेच्या. दोन फलाट. मैत्रेयी म्हणाली, "बाबा, नीट या." शीलानं चटणीतली अर्धी मला बांधून दिली.

सकाळी पांढरा सदरा घालून झाडापाशी गेलो. चपला बाहेर. उन्हानं तापलेली वाळू, पायांना चटके. लोक सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं. झाड उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, फांद्यांना खालून टेकू दिलेले. म्हातारं झाड. मी वंदना म्हटली. मग नाव घेतलं. रोशन हिरामण खडसे. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा शाळेत हजेरी घेतात तसं वाटलं, आणि पुढं काय म्हणायचं ते मला कळेना. वंदना पाठ आहे. त्याच्या पुढचं मला काही येत नाही.

स्टेशनावर इथलं सिम घेतलं होतं, बजेटमध्ये नसताना. मोतीबाईला फोन लावला. तिच्याजवळ रोशनचाच फोन आहे आणि माझ्या मोबाइलवर ते नाव अजून रोशन असंच येतं.

"मोतीबाई, झाडापाशी उभा आहो. तुमीच बोला."

"मी काय बोलू?"

"मी फोन झाडाकडं धरतो."

स्पीकर लावला आणि हात वर केला. बाजूची एक म्हातारी सरकून जागा देऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती खरखर. एका हवालदारासारख्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

"रोशन," ती म्हणाली. "बापू. जेवला का रे?"

मग थांबली.

"तोंडाले दुपट्टा बांध म्हनलं होतं तुले. म्हनलं होतं का नाही? आयकतच नाही तू. गरम होते म्हने." परत खरखर. "शेळी व्याली. दोन पिल्लं देले. काळं तुह्यासारखंच आहे, एका जागी बसत नाही. मी बरी आहो. माहं पाहू नको."

त्यानंतर आवाज आला नाही. तिनं ठेवला की लाइन गेली, हे मला समजलं नाही. दुखऱ्या खांद्याचा हात होता. तसाच वर धरून उभा राहिलो, ती पुन्हा बोलली तर ऐकू जावं म्हणून.

२३ जानेवारी, मंगळवार. वेलिगामा

कालचा सगळा दिवस गाड्यांत गेला. आज सकाळी किनाऱ्यावर आलो. पाण्यात कितीतरी डोकी, पण आपली ओळखू येतात. शीला मैत्रेयीच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात, नाक उन्हानं सोललेलं. फळीवर पालथी पडली होती. लाट आली, मैत्रेयीनं मागून ढकललं आणि शीला उठली. उभी राहिली. हात दोन्हीकडे, तोंड उघडं, सरळ माझ्याकडे येत होती. मग पडली, उठली आणि नाकातलं पाणी शिंकरून म्हणाली, "पाह्यलं का?"

पाहिलं, मी म्हणालो. पायांच्या कोनाचं काही बोललो नाही.

हाफपँटकडे कोणी पाहिलं नाही. इथं सगळेच तसे आहेत. मैत्रेयीनं मला आत नेलं, फळीवर पालथं पाडलं. खारं पाणी नाकात गेलं. तिनं तोंड माझ्या कानाशी आणून सगळं समजावलं, तळहात कुठं, नजर कुठं, मी तिला विहिरीत समजावायचो त्याच आवाजात. मग म्हणाली, "आली. जा बाबा!"

फळीच्या खालून कोणी तरी पाठीनं उचलल्यासारखं झालं. मागून ओरडणं, "उठा बाबा, उठा! आता उठा!" तळहात छातीजवळ होते. सगळं माहीत होतं मला. गाल फळीवर टेकलेला होता आणि फळी ओली, गार होती, आणि पाणी मला नेत होतं, मला काहीही करावं लागत नव्हतं. उठायचं मनातच आलं नाही.

फळी वाळूला लागली तरी तसाच पडून राहिलो. पुढची लाट पायांवरून आली आणि परत गेली. मग त्याच्या पुढची. शीला येऊन बाजूला बसली असावी, सावली पडली होती.